मान खाली घालून सांगितलेले सिनेमे

रुवीत, जुन्या टॅक्सी स्टँडमागे
माझं दोन खुर्च्यांचं दुकान.
गुरुवारी रात्री सिनेमा लागतो
आणि शुक्रवारी नमाजानंतर
तुकड्यातुकड्यांनी माझ्याकडे येतो,
डोक्यागणिक एक.

मी स्वतः सोळा वर्षांत एकही पाहिलेला नाही.
लोकांची सुट्टी तोच माझा धंदा.
पण विचारा मला कुठलाही.

प्रसन्नन हिशेबनीस. त्याला गोष्ट नको,
किती कमावले ते पाहिजे.
पहिल्या दिवसाचा आकडा असा सांगतो
जसा निम्मा त्याच्याच खात्यात पडलाय.
मोतालेब पहिल्या गाण्यापर्यंतच असतो,
आठवडाभर सळ्या वाकवलेला माणूस, थंडगार एसी, घोरणारच.
तरी म्हणतो, फर्स्ट क्लास.
इतकी झोप लागली म्हणजे चांगलाच असणार.
बलुशी म्हातारा इथला. त्याची हिंदी
सगळी पडद्यावरून उतरलेली,
म्हणून तो चहासुद्धा
सूड घेतल्यासारखा मागतो.
पूर्वीचे खलनायक, तो म्हणतो,
निदान घर तरी नीट ठेवायचे.

रेडिओवरची बाई अडीच स्टार देते.
अर्धा कशाबद्दल कापला,
ह्यावर दोन दाढ्या होऊन जातात.

आणि कापलेली जागा!
तो तिच्या दाराशी उभा असतो,
पापणी लवते न लवते तोच दोघं बसमध्ये,
तिची ओढणीही बदललेली.
मध्ये काय झालं?
दिसलेल्या अडीच तासांवर कधी झालं नसेल
एवढं बोलणं त्या न दिसलेल्यावर.
कोणी म्हणतं, मुका.
मुक्याला चार मिनिटं? प्रसन्नन घड्याळ लावून बसलेला असतो.
मला विचारतात, मास्टर, तुझं काय मत?
माझ्याही हातात कात्रीच असते.
व्यवसायबंधूबद्दल काय बोलायचं.

शेरगुल ह्यात कधी नसायचा.
पाण्याचा टँकर चालवतो, खुर्चीत बसला की डोळे मिटतो,
मानेवर उन्हाची रेघ, पट्टीनं आखल्यासारखी.
त्या उन्हाळ्यात एक आईचा सिनेमा आला होता.
सगळे सांगत होते, शेवटी म्हातारी जाते,
काय रडवलंय, काय रडवलंय.
शेरगुल डोळे मिटूनच म्हणाला, नाही.
उठून बसते ती.
मुलाला म्हणते, इतका वाळलास कसा,
आणि चुलीवर तवा ठेवते.

प्रसन्नन हसला. तू कुठला पाहिलास?
जो लागला होता तो, शेरगुल म्हणाला.
मी मशीन बंद केलं, ते तापलं होतं.
मग पुन्हा सुरू केलं.

तो गेल्यावर मोतालेब हळूच बोलला:
इंटरव्हलला त्याला बन्नूहून फोन आला.
परत आत गेलाच नाही.
जिन्यावर बसून होता, पिक्चर सुटेपर्यंत.

मी त्याच्याकडून पैसे घेतले होते, नेहमीइतकेच.
पुढच्या खेपेलाही घेतले.
सोडले असते तर त्याला कळलं असतं
की मला कळलंय.

शुक्रवारी रात्री मथुराचा फोन येतो, गुहागरहून.
मी दर आठवड्याला तिला एक सिनेमा सांगतो.
तिला वाटतं, मी बघून येतो,
घडी केलेला शर्ट घालून, शेंगदाण्याची पुडी घेऊन.
तिला असं वाटावं म्हणून शेंगदाण्याचं मीच सांगितलंय.
त्या रात्री तिला शेरगुलचा सांगितला.
तव्यासकट.

दीड वर्षानं तो तिकडे टीव्हीवर लागला.
अवो, ती जवळजवळ ओरडली,
म्हातारी मरते की शेवटाला!
तुम्ही तर म्हणालात उठून बसते,
भाकरी थापते, मुलाला जेवू घालते.

भाकरीचं मी म्हटलं नव्हतं. ते तिनंच पुढे नेलं होतं.

मी कंगवे धूत होतो.
बेसिनमध्ये दिवसभराची सगळी डोकी,
काळे, पांढरे, मेंदी लावलेले केस.
म्हटलं, अगं, आमच्याकडे
तेवढं कापतात.