कौल

भाटाच्या वहीत वेडू रूपजी एका ओळीत संपतो:
‘अनेरकाठी ओसाड गाव होतं, ते वसवलं. पुत्र तीन.’
ओळीखाली हळदीचं बोट,
आणि बिदागीचा आकडा, सव्वा रुपया, एक पागोटं.

बाकीचं मला इकडून तिकडून मिळालं.
थोडं आत्यांच्या भांडणातून,
थोडं दप्तरखान्यात, कसर लागलेल्या रुमालात बांधलेलं.
कौलात लिहिलंय: पहिली तीन सालं सारा माफ,
चौथ्या साली चौथाई,
बैलांसाठी तगाई रुपये बावीस.
वाघासाठी तरतूद नाही.

तापी उतरून तो आला तेव्हा
गाडीत नांगराचा फाळ, मिठाची गोणी,
जुन्या लुगड्यात बांधलेलं दादरचं बी,
आणि मोंघी, सहावा महिना चालू असलेली.
मोंघी म्हणजे महाग.
दोन मुलींवर झालेली तिसरी मुलगी,
तरी बापाने असं नाव ठेवलं,
त्या बापाबद्दल मला कुठेच काही सापडलं नाही.
वहीत तीही नाही. वहीत बाया नसतात.

पांढरीवर कंबरभर गवत.
बुजलेल्या विहिरीतून वर आलेला पिंपळ.
मारुती नाकापर्यंत मातीत.
वेडूने आधी देव उकरला, मग विहीर.
मोंघी म्हणाली असेल, आधी विहीर.
असेल म्हणते. मी तिच्या बाजूने लिहितेय.

पहिलं पोर हिवतापाने नेलं,
दुसरं बारशाच्या आत.
तिसऱ्याला तिने सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं,
शेजारणीने ते उचललं,
आणि मोंघीने पसाभर कण्या देऊन
आपलंच पोर परत विकत घेतलं.
म्हणून तो उखा. मग भिका. मग दगा.
सटवाईला फसवायला ठेवलेली ही नावं
आमच्या सातबाऱ्यांवर रुबाबात बसली आहेत.

शेजारीण? मी आत्याला विचारलं.
ओसाड गावात शेजारीण कुठली?
आत्या पापड लाटत होती. लाटणं थांबलं नाही.
‘व्हती कोनी. डोंगरनी.’

मी मोजणीदार. परवा वनहक्काच्या दाव्यावर
अनेरच्या वरच्या अंगाला गेले होते.
तिपाईवर मशीन, छत्री धरायला कोतवाल,
सावली कुठेच नाही, एका महूशिवाय.
दावेदार सुरत्या जालम. कागद काही आहे का?
त्याने मला महूखाली नेलं.
बुंध्याशी एक दगड, मधोमध झिजून वाटीसारखा खोल.
‘आमची आजीची आजी यावर दळायची.
आम्ही आधी खाली होतो, नदीच्या काठाला.
हा दगड खांद्यावर आणला तिथून.’
कधी?
‘गाडी आली तेव्हा.’

कोणती गाडी, हे विचारायचं नमुन्यात असतं.
मी विचारलं नाही.
दगडाच्या खोलीत हात घातला.
ऊन लागलेलं असूनही आत गार,
तळाशी महूचं एक सुकलेलं फूल.

पंचनाम्यात लिहिलं: पुरावा, दगड, नग एक.
सुरत्याने खाली अंगठा दिला,
माझं नाव वाचायला सांगितलं कोतवालाला,
आणि गाव ऐकून माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिला.

‘उखाच्या घरच्या?’
हो.

तो हसला. दात महूच्या सालीसारखे.
‘आमची म्हातारी सांगायची,
त्या कण्या मापात कमी होत्या.’
मग पोराला हाक मारून म्हणाला,
बाईंना पाणी दे.