निफाडचा आकडा

कोजागिरीचं दूध आटवून झालं
की आमच्या घरात एकच प्रश्न उरतो :
हीटर कधी काढायचा.

ह्यांचा नियम सरळ आहे.
पेपरात आतल्या पानावर, खाली कोपऱ्यात,
निफाडचा आकडा एका अंकावर आला पाहिजे.
नाशिकचा ह्यांना चालत नाही.
नाशिक काय, कुणी शाल पांघरली तरी गारठतं, म्हणतात,
निफाड खोटं बोलत नाही.
बत्तीस वर्षं प्रेसमध्ये कोऱ्या नोटा तपासल्या,
आकड्यावर डोळा ठेवायची सवय
निवृत्तीच्या हारासोबत उतरली नाही.

माझा नियम बाथरूमच्या फळीवर असतो.
खोबरेलाची बाटली उलटी धरली
आणि थेंब आला नाही, म्हणजे थंडी आली.
यंदा ती भाऊबीजेलाच गप्प झाली.
तेव्हापासून मी तेल
आकड्याच्या टोकाने उकरते.

वही आहे ह्यांची एक, रेक्झिनची.
१९ नोव्हेंबर. निफाड ९.४. हीटर लावला.
पुढच्या वर्षी : २ डिसेंबर. उशीर. बिल कमी.
आणि एका वर्षी नोंदच नाही,
तो हिवाळा आम्ही दोघांनी
सिव्हिलच्या बाकावर आळीपाळीने काढला.

ऋजुता कॅलगरीहून हसते फोनवर.
तिकडे घर आपलं आपण तापतं,
काढायचं नाही, लावायचं नाही.
हे विचारतात, मग तुम्हाला कळतं कसं गं
थंडी आली ते?

मी म्हटलं, अहो, पिंपळगावला
द्राक्षांसाठीसुद्धा लोक पहाटे उठून शेकोट्या पेटवतात.
हे म्हणाले, द्राक्षं निर्यात होतात.

आणि मग दहा तारखेला
निफाड नऊ पूर्णांक आठ आलं.
छापून आलं, मी चष्मा लावून दोनदा पाहिलं.
ह्यांनी पानाची घडी घातली,
चहाच्या कपाखाली ठेवली.
एका दिवसाचं काय खरं, म्हणाले,
सलग तीन दिवस पाहिजे.

तीन दिवसांचं कलम
वहीत कुठेच नव्हतं.

मी बघत होते. ह्यांनी आधी माळ्याकडे पाहिलं,
मग कोपऱ्यातल्या स्टुलाकडे,
मग सहज हात ठेवावा तसा
उजव्या गुडघ्यावर हात ठेवला.

एवढंच होतं तर.
मी काही बोलले नाही. चहाचा कप उचलला,
घडी केलेल्या पानावर ओला गोल उमटला होता,
निफाडच्या भोवतीच, अगदी.

बारा तारखेला हे जेलरोडच्या बँकेत गेले,
हयातीचा दाखला द्यायला.
दर नोव्हेंबरात सरकारला सांगून यावं लागतं
की आपण आहोत.
तिथे रांग असते, मफलर घातलेल्यांची,
दीड तास तरी मिळतो.

मी स्टूल ओढलं.
खाली भिंत धरायला कुणी नव्हतं, तर भिंतच धरली.
हीटरवर जुनी चादर गुंडाळली होती,
ह्यांच्या हाताची गाठ, कारखान्यातली,
सुटता सुटेना, दातांनी सोडवली.
पुसला. दोनातली एक कांडी गेली आहे हे आठवलं.
पलंगाखाली सरकवला आणि भाजी टाकली.

परत आल्यावर हे म्हणाले, अंगठ्याची रेघ उमटत नव्हती,
चार वेळा टेकवला. मशीन बोलते, नाही म्हणून.
मग उमटली. बोटं चोळत होते.
निफाड? मी विचारलं.
अकरा. अजून नाही.
बरं, मी म्हटलं.

रात्री कधीतरी खट्कन बटण वाजलं.
मी कुशीवरच होते.
आधी तो वास आला, गेल्या वर्षीची धूळ जळाल्याचा,
मी पुसताना जी राहिली असेल ती,
मग भिंतीवर एका कांडीचा लाल उजेड,
आणि त्यात हे, उकिडवे नाही, खुर्चीत,
दोन्ही पंजे पुढे धरून,
कुणाला तरी दाखवावेत तसे.

सकाळी वही उघडी होती.
१२ नोव्हेंबर. निफाड ११.०. हीटर लावला.
आणि खाली, बारीक अक्षरात :
स्टुलावर ही चढली. विचारलं नाही.

कुणी कुणाला, ते लिहिलेलं नाही.
तेलाची बाटली मी हीटरजवळ नेऊन ठेवली.