जाळी क्रमांक तीन

रविवार इथे कामाचा वार.
उपासना शुक्रवारी, आणि देऊळ मस्कतला,
सूरपासून दोनशे किलोमीटर,
तेही वर्गीसच्या गाडीत जागा असली तर.

आज नव्हती.

रात्रपाळी संपायला तासभर उरला होता
तेव्हा तीन नंबरच्या जाळीवरचा दाब वाढला,
बोर्डावर तांबडा दिवा.
गमबूट, हातमोजे, लांब दांड्याचं फावडं घेऊन
मी खाली उतरलो,
जिथून कारखाना समुद्र पितो
आणि गावाला गोडं पाणी पाजतो.

जाळीला चिकटून शेकडो.
साबुदाण्याची खीर सांडावी तसे.
ना हाड, ना डोळा,
तोंड असलं तर कुठल्या बाजूला, कळत नाही.
नोंदवहीत आम्ही त्यांना लिहितो: अडथळा, जैविक.
पुढे किलो.

मी सोनईचा. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर,
विहिरीत बेडूक, फार तर एखादं कासव.
या जिवाला आमच्या बोलीत शब्दच नाही.
आदामापुढे देवाने एकेक प्राणी आणला म्हणतात,
नाव ठेवायला.
हा बहुधा आणायचा राहिला.
किंवा आणला,
आणि आदाम माझ्यासारखाच
हात लोंबते सोडून गप्प उभा राहिला.

नऊ वर्षं मी त्यांना उपसतोय.
नऊ वर्षं बॅटरी समोरून मारतोय, जाळी मोकळी झाली का बघायला.
आज ती घसरून पलीकडे पडली
आणि उजेड मागून आला.

आत चार कड्या, फिकट जांभळ्या,
कुणी दोऱ्याने मापून बसवल्यागत.
कडेला झालर. झालरीचा धागा न् धागा सुटा.
सगळं मिळून एकच काम चाललेलं:
मिटायचं, उघडायचं.
फावड्यावरसुद्धा.

हमूद वजू करून निघाला होता,
बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, हनुवटीवरून थेंब.
वाकून बघितलं त्याने.
म्हणाला, कंदील अल्-बहर.
काय?
कंदील. समुद्राचा.
आणि घाईने गेला, त्याची वेळ झाली होती.

कंदील!
म्हणजे शब्द घरातच होता, खुंटीला टांगलेला.
आमचे बाबा, शांतवन, देवळाचे शिपाई,
दर शनिवारी राखेने काच घासायचे,
वात कातरायचे,
आणि मी लुडबुड केली की म्हणायचे,
तू फक्त काच पूस रे,
उजेडाला काही शिकवावं लागत नाही.

मला वाटायचं ते कंदिलाबद्दल बोलतात.

पिंपात टाकायचे ते मी बादलीत भरले,
खडकांच्या अंगाने जाऊन पाण्यात सोडले.
सात खेपा.
किती जगले, देवाला ठाऊक.
काही तसेच तरंगत राहिले,
काही मिटले, उघडले, खाली गेले.
तासाभराने दाब पुन्हा वाढेल,
पुन्हा तेच येतील.
तेच की दुसरे, ओळखणार कसे?

एखादं स्तोत्र म्हणावं असं मनात आलं.
दोन ओळींपुढे चाल हरवली.
पूर्वेला समुद्र राखाडी झाला होता,
मग मोरचुदासारखा,
मग त्या रंगाला नाव ठेवायचं मी सोडून दिलं
आणि नुसता बघत राहिलो.
पंप चालू होता. पायात ओलं मीठ चरचरत होतं.
बऱ्याच वेळाने लक्षात आलं,
हेल्मेट मी केव्हाच काढलंय
आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलंय,
जसे आमच्या देवळात शिरताना
म्हातारे टोपी धरायचे.

वर येऊन नोंद केली.
पाच वाजून दहा मिनिटे. जाळी क्रमांक तीन.
अडथळा, जैविक. अंदाजे चाळीस किलो.
शेवटचा रकाना शेऱ्याचा,
तो आम्ही कुणी भरत नाही.
आज लिहिलं:
पाहिले. चांगले आहे.

सकाळपाळीचा साहेब समजेल, जाळीबद्दल.