सव्वीस फूट

माझ्या निळ्या वहीत डावीकडे तारीख,
मग आजवा, मग विश्वामित्री,
काळ्या घोड्याच्या पुलाशी, फुटांत.
सहावीपासूनची वही.
उन्हाळ्यातलेही रकाने भरलेले:
सात. सात. सात.
बाबा म्हणायचे, अगं, आटलेली नदी काय मोजतेस.
मला तेच तर आवडायचं,
लागोपाठ तीन सात.

नाव सुनेत्रा आणि बघते जमिनीकडे,
दर लग्नात कुणीतरी म्हणायचं.
मी तीनपर्यंत मोजून हसायचे.

शाळेत पारुलबेन आईला म्हणाल्या,
घरी मराठी, बाहेर गुजराती,
गोंधळते बिचारी, होईल नीट.
आई तेवढ्यावर नऊ वर्षं तरली.
केम छोला मजामां, कशी आहेसला बरी,
दोन भाषांमधल्या फटीत मी मावून गेले.
कुणाला दिसलंच नाही
की मराठीसुद्धा मी
आधी मनात लिहून काढते, मग वाचून दाखवते.

फक्त ऑगस्टमध्ये
सगळं बडोदं माझ्यासारखं बोलायचं.
कशी आहेस नाही, जेवलीस का नाही.
किती? वाढतंय का उतरतंय?
खालचे मुल्हेरकर काका दुधाची पिशवी घेऊन जिन्यात उभे:
सुनू, किती झालं?
एकवीस पूर्णांक पाच. तासाला पाव फूट.
आजव्याचे दरवाजे बंद आहेत अजून.
तेही माझ्याकडे बघत नसत. आभाळाकडे बघत.
शाबास म्हणत.

पंधराव्या वर्षी, जुलैत, अलकापुरीतल्या दवाखान्यात
ट्यूबलाइट गुणगुणत होती, ती मला एकटीलाच ऐकू येत होती.
नाणावटी मॅडमनी कागद आमच्याकडे फिरवला.
आकडे होते. एक आडवी रेघ होती.
आईने विचारलं, रेघेच्या किती वर आहे?
जसं काही पाणी होतं,
जसं काही उतरणार होतं.

घरी येऊन मी शब्दकोश काढला.
स्वमग्न.
मग्न म्हणजे बुडालेला.
मी तर पुलावर उभी असायचे,
कठड्याशी, कोरडी, वही घेऊन.
माझ्यावरून हा शब्द कुणी ठरवला?

रिपोर्ट आईने पाटल्यांच्या डब्याखाली ठेवला.
मावशी फोनवर म्हणाली, पहिला नंबर येतो तिचा, काहीतरीच काय.
मी वही जिन्याखाली टाकून दिली.
ऑगस्टमध्ये काका आले, किती झालं?
माहीत नाही, मी म्हणाले,
आणि खरंच माहीत नव्हतं.
ते थोडा वेळ उभे राहिले. मग दूध घेऊन खाली गेले.

सव्वीसला धोक्याची रेघ आहे.
त्या वर्षी नदी तिच्या वर गेली.
लोकांनी स्कूटर पुलाच्या चढावर नेऊन लावल्या,
फ्रिज टेबलावर, गॅसची टाकी माळ्यावर.
आकडा कळला की एवढं करता येतं.
हे मी तेव्हा गच्चीतून नुसतं पाहिलं.
आता माझ्या पर्समध्ये कानात घालायचे बोळे असतात,
विसर्जनाच्या दिवशी मी दार लावून घेते,
आणि ऑफिसात सांगून ठेवलंय, फोन नको, लिहून पाठवा.

पाणी ओसरल्यावर वही शोधली.
रकाने भरलेले होते.
आईचं अक्षर, उजवीकडे कललेलं.
बेचाळीस दिवस.
कधी पेपरातून, कधी स्वतः पुलावर जाऊन,
कारण समासात लिहिलं होतं:
आज मगर दिसली. आधी ओंडकाच वाटला.

एका ओळीत तिची चूक झालीय.
आजव्याचा आकडा विश्वामित्रीत पडलाय,
दोनशे अकरा फूट.
न्यायमंदिर, मांडवी, आमची गच्ची, सगळं पाण्याखाली.
मी तेव्हा पेन उचललं होतं.
अजूनही वही चाळताना त्या पानावर बोटं शिवशिवतात.
तिला सांगितलेलं नाही.
खोडलेलंही नाही.