फक्त

सोहारच्या कॉलेजात पहिल्या आठवड्यात
मी ग्रंथालयाचं दार ढकलत राहिले.
ते ओढायचं होतं.
जुवैनाबाई आतून बघत होत्या, हसल्या नाहीत.
खजुराची वाटी पुढे सरकवली:
आधी खा, मग विचार.

मला एकच पुस्तक हवं होतं, इंग्रजीतलं,
समुद्राचं मीठ अडवून ठेवणाऱ्या पडद्यांवरचं.
जालन्यात वाढलेल्या मुलीने दुसरं काय शिकावं?
आमच्याकडे टँकरचा वार असायचा,
जसा उपासाचा असतो.

कपाटं इथे उजवीकडून सुरू होतात.
मी डावीकडून शिरले
आणि थेट शेवटाला जाऊन उभी राहिले.
आकडे म्हणाल तर दोन आणि तीन जवळपास आपलेच,
कूस बदलून झोपल्यासारखे.
पण त्यांचा पाच म्हणजे हुबेहूब आपलं शून्य,
आणि शून्य म्हणजे नुसता अनुस्वार,
अक्षरावरून घरंगळून खाली पडलेला.
पन्नास नंबरच्या कपाटापुढून मी तीनदा गेले.
शून्य आणि टिंब.
इथे काही नसणार, म्हणून तीनदा परतले.

शेवटी मोतालेबने नेलं. तो सिल्हेटचा,
पुस्तकं पुसतो, वाचत नाही, पण जागा पाठ.
झेरॉक्स मशीनमागे एक फळी:
टायपिंग शिकवणारी तीन पुस्तकं,
केकची पाककृती,
कव्हर गेलेला जहाजांचा शब्दकोश.
माझ्या पुस्तकाच्या जागी
बोटाएवढी फट.

रजिस्टर निघालं. बंदरावरच्या प्लांटमधला
कुणी इंजिनिअर घेऊन गेलेला, दोन वर्षांपूर्वी.
जुवैनाबाईंनी फोन लावला आणि आवाज चढवला.
मला अरबी येत नाही.
तरी मधूनच काहीतरी कानावर पडायचं,
तारीख, किताब, हिसाब, बाकी,
भिंतीपलीकडे घरमालक भाडेकरूशी भांडताना
पडतं तसं.
मी खुर्चीत सावरून बसले.
बाकी माझीच आहे की काय असं वाटलं.

गुरुवारी पुस्तक आलं.
ग्रीसचा वास, पानं फुगलेली,
आणि कडेने एक पांढरी रेघ,
मीठ वाळतं तशी.
पडद्यांवरच्या पुस्तकात समुद्र शिरला होता,
हे मी जुवैनाबाईंना सांगणार होते,
पण तेवढं इंग्रजी त्यांना नव्हतं
आणि खरं तर मलाही नव्हतं.
पाचवीपासून शिकलेली ती भाषा
अजून माझ्या हातात बुटासारखी असते,
पायात नाही.
पाढे मी आजही मराठीतच म्हणते,
दाबाचं गणितही, ओठ न हलवता.

त्यांनी शिक्का मारला, सात बोटं दाखवली.
फक़त, म्हणाल्या.
मी मान वर केली.
त्यांना वाटलं मला दिवस कमी पडताहेत.
आठवं बोट अर्धं उचललं त्यांनी,
मग खाली घेतलं.

रात्री आईला फोन केला.
मिळालं का गं पुस्तक?
मिळालं. सात दिवसांसाठी.
सात दिवस? फक्त?
मी तो शब्द पुन्हा म्हणायला लावणार होते तिला,
तोवर गल्लीत हॉर्न वाजला,
आणि फोन तसाच चालू टाकून
ती पाइप घेऊन धावली.
मी ऐकत राहिले
हंडे भरण्याचा आवाज,
आधी जाड, मग बारीक होत जाणारा.