चावी

राखेच्या बुधवारी मी चहा सोडला. चाळीस दिवस.
मनोरमानं माझ्या कपाळावरची राख पाहिली
आणि दुधाचं पातेलं उतरवत म्हणाली,
"मागच्या वर्षी साखर, त्याच्या मागच्या वर्षी पेपर.
दरवर्षी तुम्ही काहीतरी सोडता
आणि आम्ही तुम्हाला सोसतो."

तिसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं.
खडकी बाजारात कोथिंबिरीच्या जुडीवरून भांडलो.
टपरीवरचा आल्याचा वास रेंजहिल्सच्या वळणापर्यंत
मागं मागं आला, ओळखीच्या कुत्र्यासारखा.
मी मनातल्या मनात वर बघून : बघतोयस ना?
पावती मागावी तसं.

पेटी माझी नाही, मंडळीची.
पण तिच्या कुलपाची चावी एकतीस वर्षं
माझ्या पँटच्या चोरखिशात.
फॅक्टरीत रात्रपाळी असो, ताप असो,
मुलगी ससूनला अडलेली असो,
रविवारी साडेआठला कुलूप मीच उघडलंय.
भाता फाटला तेव्हा रास्ता पेठेतून कातडं आणून
रात्रभर बसून चिकटवला.
काळी चारच्या शेजारची पट्टी दमट हवेत अडकते,
ती करंगळीनं कशी उचलायची
हे मला ठाऊक आणि देवाला.
देवालाही नसेल.

अलीकडे डाव्या कानात नुसती खरखर.
वरचे सूर पोचत नाहीत.
मी पुढं निघून जातो, मंडळी मागं राहते.
कुणी काही बोललं नाही.
बोलायचं ते पायऱ्यांवर, चपला घालताना,
मी बाहेर यायच्या आत.

पाटोळ्यांची तबिथा, यंदा बारावीला,
उपासना संपली की पेटीशी घोटाळायची.
दोन वर्षं.
मला वाटायचं, बाकांवरची गीतांची पुस्तकं गोळा करते.

प्रभू, तुझ्याजवळ ने, असं रोजच म्हणतो मी.
परवा पहाटेही तेच म्हणत होतो, जीभ कोरडी,
आणि गुडघे टेकताना चावी मांडीत रुतली.
बस, एवढंच. आवाज नाही, उजेड नाही.
मी अंग सरकवलं. ती तिथंही टोचली.
"चहा दिलाय की," मी म्हणालो,
"तो चालेल ना?"
फॅक्टरीचा भोंगा झाला.
दुसरं काही उत्तर आलं नाही.

मग ठरवलं, द्यायची तर मंडळीसमोर द्यावी.
पाळकसाहेबांनी दोन शब्द बोलावेत,
सेक्रेटरींनी शाल आणावी, फार भारी नको.
मनोरमाला सांगितलं. ती काही म्हणाली नाही,
डाळीतला खडा काढून बाजूला ठेवला फक्त.

रविवारी आवारातल्या नळाशी गाठलं पोरीला.
हात ओले होते तिचे, ओढणीला पुसले.
"अंकल, आजच्यापुरती?"
'हो' अगदी ओठांवर आला होता.
गिळला. खाली उतरेपर्यंत भाजत गेला.

चौथ्या बाकावर बसलो.
इथून वधस्तंभ जरा तिरका दिसतो, हे नवंच.
तिनं हळू सुरुवात केली, माझ्यापेक्षा हळू.
दुसऱ्या ओळीत ती पट्टी अडकली,
सूर लांबला, मंडळी थबकली,
गुडघ्यावर माझी करंगळी आपसूक उचलली गेली
आणि घशात खोकला आला,
एकतीस वर्षं इथं कोण वाजवत होतं
ते सगळं सांगून टाकणारा खोकला.

मी खोकललो नाही.

चहा सोडणं सोपं होतं.

शेजारी मनोरमा गात होती.
आजवर तिच्याकडं पाठ करूनच वाजवलं मी,
मला माहीतच नव्हतं,
ती प्रत्येक ओळ अर्धा श्वास उशिरा उचलते,
जराशी बेसूर, डोळे मिटून.
ती माझ्या उजव्या बाजूला बसली होती,
चांगल्या कानाच्या.
जागा मी निवडली नव्हती.