कोमल ग

मोहननगरच्या त्या बंगलीत ह्यासिंथ मॅडमनी
आधी किंमत सांगितलीच नाही.
विचारलं, "ठेवणार कुठे?"
हॉलमध्ये, खिडकीपाशी.
"आणि कूलर कुठल्या खिडकीत?"
त्याच.
त्या उठून आत गेल्या. मला वाटलं, बोलणं संपलं.
बशीत केक घेऊन आल्या,
म्हणाल्या, "मग कूलर हलवा."

अडतीस हजार. जीपीएफमधून काढले.
मेयोतल्या बायका म्हणाल्या, सिस्टर, एवढ्यात स्कूटी आली असती,
स्कूटी निदान दारात उभी दिसते.

गड्डीगोदामचे सहा हमाल, एक ठेला.
जिन्याच्या वळणावर पियानो कठड्याला थडकला
आणि आतल्या सगळ्या तारा एकदम हुंकारल्या.
"काय भरलं हाय जी याच्यात?"
पुढचा म्हणाला, "बुढा हाय बे कोणी. हळू घे."

आरोग्यम मास्तर वर्षातून दोनदा यायचे,
मेकोसाबागेतून, सायकलवर.
पिशवीत एक किल्ली, रबरी पाचरी, स्वतःचा डबा.
जन्मभर रेल्वेत फिटर;
कान शाबूत राहिले याचं त्यांनाच नवल.
खालची फळी काढून त्यांनी दाखवलं:
उंदरानं कुरतडलेलं फेल्ट,
एक नया पैसा, हेअरपिन,
आणि पहिल्या पट्टीच्या कुशीवर पेन्सिलीनं
आधीच्या ट्यूनरांच्या सह्या, तारखा,
केसपेपरवर असतात तशा, न लागणाऱ्या.

फेल्टच्या जागी त्यांनी बसवलं
कुठल्याशा क्लबातल्या बिलियर्ड टेबलाचं हिरवं कापड.
"चालतं," म्हणाले.
"हातोडीला काय कळतं, हिरवं कशाचं."

मे महिन्यात, पारा सेहेचाळीसवर,
त्याच्या पोटात पाण्याचा गंज ठेवायचा.
रात्रपाळीहून आले की मी आधी तो भरायची,
मग आमचा माठ.
तरी साउंडबोर्डाला भेग गेलीच, वीतभर,
आणि तेव्हापासून उन्हाळाभर एक पट्टी झणझणायची.
मास्तर म्हणायचे, ई फ्लॅट.
मला शाळेतल्या पेटीवरचं जेवढं आठवतं, त्यात तो कोमल ग.
उत्पला म्हणायची, माशीवाला.
ओल्या फरशीवरून जावं तशी
ती त्याच्यावरून उडी मारून जायची.

तिनं शेवटी फिजिओथेरपी घेतली.
लोक विचारतात, मग त्या पियानोचं पुढे काय झालं?
त्यांना "काही नाही" ऐकायचं असतं.
अकरा वर्षं ती वाजवत होती
आणि मी पलीकडे सांभारवड्यांचं सारण परतत होते.
कधी सारण लागायचं.
हे झालं.

घ्यायला दिघोरीचे लिचडे आले, एसटीत कंडक्टर,
दोन मुली, धाकटी चपला हातात घेऊन उभी.
मी किंमत आधीच सांगून टाकली,
ह्यासिंथ मॅडमएवढी छाती नाही माझी.
मग म्हटलं, नीट बघा. ही भेग. हे कापड क्लबातलं.
या तीन पट्ट्या पावसाळ्यात चिकटतात, वरची एक तार नवी आहे,
भिंत बाहेरची नको, डांबरगोळ्या दर दिवाळीला बदला...
लिचडे माझ्याकडे बघत राहिले.
"बाई, तुम्ही विकून राहिल्या का नाही जी?"

बावीस हजार.
म्हणजे सोळा हजार गेले, अकरा वर्षांत.
कूलर महाग पडला याहून.

फरशीवर चाकांचे खड्डे आहेत,
पोछा तिथे दरवेळी अडतो.

काल लिचडेंचा फोन.
"सिस्टर, एक पट्टी भणभणते जी. कोणाला दाखवू?"
मास्तर अजून मेकोसाबागेतच आहेत,
पण आता कबरस्तानात.
म्हटलं, दाखवू नका. मारबत निघेपर्यंत थांबा.
हवेला ओल आली की भेग आपली आपण मिटते.
"अन् दिवाळीनंतर?"
पुन्हा उघडते, म्हटलं.
गंज भरत जा.